नदीपर्यंतचं गाणं

आमच्या घरात एक वस्तू अशी होती, की तिच्याकडे मांजरसुद्धा पाठ करून बसायचं. उतरंडीच्या मागे, कुडाच्या खुंटीवर, आईच्या फाटक्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली काशाची थाळ. तिच्यात कधी कुणी भात वाढला नाही, कधी पीठ मळलं नाही. माझ्या धाकट्या भावाचा पाय घसरून एकदा तिला धक्का लागला, तर ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुणगुणत होती. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. त्या दिवशी वाडीतल्या एकाही कोंबडीनं अंडं घातलं नाही, हे आईसुद्धा कबूल करायची, आणि माझी आई माझ्यासारखी नव्हती. ती खरं बोलायची.

घर कार्ल्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. आम्ही ठाकरं. खाली भातखाचरं, खाचरांच्या पलीकडे हमरस्ता आणि रूळ, आणि वर आमची वाडी, जणू कुणीतरी टोपलीतून सांडून गेलंय अशी. सकाळी आई चुलीवर नाचणीची भाकर टाकायची आणि निखाऱ्यावर खेकडा भाजायची. त्या खेकड्याचा वास खाली रस्त्यापर्यंत जायचा आणि मुंबईच्या बसचा ड्रायव्हर हटकून तिथंच गाडी उभी करून उतरायचा. कंडक्टर म्हणायचा इंजिन तापलंय. इंजिन कसलं तापतंय, तोंडाला पाणी सुटलेलं असायचं. पावसाळ्यात करटुली, श्रावणात रानभाज्या, दिवाळीनंतर नव्या भाताची पेज. पोट कधी गच्च भरलं असं नाही, पण नाकाचं पोट मात्र कायम भरलेलं.

आणि आबा. माझ्या बापाचा बाप. बाप मला आठवत नाही, त्यामुळे घरात पुरुष दोनच, आबा आणि माझा चुलता किसनकाका. आबा दिसायला वाळल्या कारवीसारखा, पण आवाज असा की त्यानं शेताच्या बांधावरून बैलाला हाक मारली तर बेगडेवाडीच्या फलाटावरची माणसं दोन पावलं मागे सरायची. तिथला स्टेशनमास्तर मला पुढे भेटला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो हसला, पण नाही म्हणाला नाही.

थाळ आबाची. आबाच्या आधी त्याच्या चुलत्याची, त्याच्या आधी कुणाची ते थाळीलाच ठाऊक. वाडीत किंवा आसपासच्या वाड्यांत माणूस गेलं, की त्याचा दिवस घालायच्या दिवशी आबा ती खुंटीवरून काढायचा. पोळ्याचं मेण ऊन करून थाळीच्या मधोमध लावायचा, त्यात एक सरळ वाळकी काडी उभी रोवायचा, आणि बोटांना राख लावून काडीवरून वरून खाली ओढायचा. त्यातून जो आवाज निघायचा त्याला आवाज म्हणणंही चूक आहे. भिंतीच्या आत मधमाश्यांचं पोळं असावं आणि भिंत तुमच्या छातीत असावी, तसं काहीतरी. त्या घुमण्यावर आबा गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचा आणि त्याला वाट सांगायला लागायचा. उंबरा सोड. लेकरं सोड. अंग सोड. मग वाडीचा आंबा, मग झरा, मग वाघदेवाचा दगड, मग घाटमाथा, आणि मग नदी. ही नदी इंद्रायणी नव्हे आणि पवनाही नव्हे, तिला नाव नाही. नदीच्या पलीकडे आपली जुनी माणसं चूल पेटवून बसलेली असतात. त्यांच्या पंगतीत नेऊन बसवलं की आबा म्हणायचा, आता मागं बघू नको. मग तिथं बसलेली आम्ही सगळी उठायचो, पाठ करायचो, आणि मागं न बघता आपापल्या घरी जायचो.

नियम दोनच होते. मेल्याशिवाय थाळ काढायची नाही. आणि एकदा नाव घेतलं की पोचवल्याशिवाय थांबायचं नाही. थांबलास तर ते माणूस जिथं असेल तिथंच राहतं, ना इकडं ना तिकडं. एकदा गाताना आबाच्या मांडीवर विंचू चढला. आबानं त्याच्याकडं बघितलंही नाही. विंचवानं बराच वेळ नांगी वर धरून ठेवली, शेवटी खाली केली आणि निघून गेला. नदी ओलांडेपर्यंत तो उंबऱ्यापाशी थांबला होता, असं मी सांगते. तेवढं जास्तीचं असेल.

किसनकाका खाली रस्त्याकाठच्या एका हॉटेलात माळी होता. हॉटेल म्हणजे चहाचं नव्हे. तळं, हिरवळ, पांढऱ्या कौलारू खोल्या, आणि मुंबईची माणसं शनिवारी येऊन तिथं झोपायची. एवढ्या लांब येऊन माणसं झोपतात कशाला, हे आमच्या वाडीला कधी कळलं नाही. त्या हॉटेलात आमचं बरंच काही आधीच लागलेलं होतं. आमच्या लग्नात सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठानं जो चौक काढतात, तो हात धुवायच्या बेसिनच्या वर रंगवला होता. पुरुषांच्या मुतारीच्या दारावर वाघदेव होता. बायकांच्या दारावर कोण होतं ते मी लिहीत नाही, कारण ती माझी कुळाची देवी आहे आणि या वयात तिची खप्पामर्जी मला परवडणारी नाही. काकानं हे घरी येऊन सांगितलं, तेव्हा आबा बाहेर जाऊन थुंकला आणि आत येऊन म्हणाला, "वाघदेव समदं बघतो. त्याला काय, त्यो मुततानाबी बघंल." वाडीत दोन दिवस त्यावर हसले. आई हसली नाही. ती म्हणाली, "दारापर्यंत आलेत. आता घरात येतील."

ते आले. हॉटेलचा मॅनेजर सबनीस म्हणून होता, पुण्याचा, गोरा, बोलायला गोड, हातावरचं घड्याळ कायम चोळणारा. काकानं कुठंतरी झाडांना पाणी घालताना थाळीचं सांगितलं असणार. एक दिवस जीप वाडीच्या खालच्या बाजूला थांबली आणि सबनीस चिक्कीचा डबा घेऊन धापा टाकत वर आला.

"आजोबा," तो म्हणाला, "तुमच्याकडे एक वाद्य आहे म्हणे. आमच्याकडे शांतीचं शिबीर आहे. लोक ताणतणावाने त्रासलेले असतात हो. तुमचा नाद ऐकला तर त्यांना फार बरं वाटेल."

आबा दोरी वळत होता. त्यानं विचारलं, "मेलंय कोण?"

"कोणी नाही." सबनीस हसला. "उलट, लोक विश्रांतीला येतात."

"मंग करू द्या की विश्रांती."

"अहो, पण तुमची कला आहे ही. इथे खुंटीवर टांगून काय उपयोग?"

"उपेग व्हतो," आबा म्हणाला. "परत्येकाचा येक डाव व्हतो. तुमचाबी हुईल. तवा या."

सबनीसाचा हसरा चेहरा तसाच राहिला, पण हातातलं घड्याळ चोळायचं थांबलं. जाताना तो काकाला बाजूला घेऊन हळू काहीतरी बोलला, आणि त्या दिवसापासून काका जेवताना आबाकडं बघेनासा झाला. चिक्की आम्ही खाल्ली. चिक्कीचा काही दोष नव्हता.

करवंदांचे दिवस होते. मी पहाटे उठून पाटी भरायची आणि हॉटेलच्या फाटकाशी पानाच्या द्रोणात विकायला बसायची. त्या सकाळी पाटी उचलायला आत गेले, तर उतरंडीमागची खुंटी मोकळी. मांजर प्रथमच त्या भिंतीकडं तोंड करून बसलं होतं. मी आबाला सांगितलं. आबानं खुंटीकडं एकदा बघितलं. काठी घेतली आणि डोंगर उतरायला लागला. मी करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन मागं. तो जन्मात कधी त्या हॉटेलच्या आत गेला नव्हता, पण फाटकावरच्या वॉचमननं त्याला अडवलं नाही. काठी टेकत येणाऱ्या माणसाच्या मागं डोक्यावर पाटी घेतलेली पोरगी, वॉचमनला वाटलं असेल हाही कार्यक्रमाचाच भाग.

ते घुमणं मला तळ्यापासूनच ऐकू आलं. भर दिवस, लख्ख ऊन, आणि छातीत ती भिंत. झाडावर एक पाखरू बोलत नव्हतं. आम्ही मोठ्या हॉलच्या दाराशी गेलो आणि मी पाटी खाली ठेवली. हॉलभर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या. त्यांवर पांढरे झगे घातलेली माणसं ओळीनं उताणी पडलेली, डोळे मिटून, हात बाजूला सोडून. बायका, बाप्ये, गोरे, काळे. मी आयुष्यात एवढी मढी एका जागी पाहिली नव्हती. आणि त्यांतलं एक मढं घोरत होतं.

समोर ओट्यावर किसनकाका. गळ्यात झेंडूची माळ, मांडीपुढं थाळ. त्याची बोटं काडीवरून ओढली जात होती आणि चेहरा घामानं असा निथळत होता की ओट्याखाली थारोळं झालं होतं. शेजारी सबनीस, हातात माईक. तो हळू आवाजात, अगदी मायेनं, एकेकाचं नाव घेत होता.

"मीनलताई... सगळं सोडून द्या. घर सोडा. मुलांची काळजी सोडा. शरीर सोडा. कपाडियासाहेब... शरीर सोडा. आता आपण हळूहळू डोंगराच्या वाटेने चाललोय."

हे तो वाचून म्हणत होता की त्याच्या मनचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. पण शब्द आबाचेच होते. उंबरा सोड, लेकरं सोड, अंग सोड. आणि खाली थाळ चालू.

काकाला मी आज दोष देत नाही. त्यानं आपल्या मनाशी एक पळवाट काढली होती आणि ती पळवाट आमचाच माणूस काढू शकतो. नाव घेतल्याशिवाय थाळ कुणाला हाका मारत नाही. मग नाव न घेता वाजवली तर ती नुसती ताटली. साहेब खूश, नोकरी शाबूत, पितरं शांत. नावं सबनीस घेईल हे त्या बिचाऱ्याच्या डोक्यात कुठून येणार. आता त्याला थांबता येत नव्हतं आणि पुढंही जाता येत नव्हतं. त्यानं दारात आबाला बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले.

आबा ओळींच्या मधून चालत ओट्यापर्यंत गेला. कुणाच्या अंगावर पाय पडू नये म्हणून काठी बगलेत धरली होती. तो काकाशेजारी बसला आणि विचारलं, "कुटवर आणलंस?"

"घाटमाथ्यावर."

"समद्यास्नी?"

"म्या न्हाई आणलं, आबा. नावं त्यांनी घेतली."

"हात काढ."

काकाच्या बोटाखालून आबानं काडी अशी घेतली की घुमणं तुटलं नाही. सबनीसाला कोण आनंद झाला. खरा म्हातारा आला म्हणून त्यानं माईक आबाच्या तोंडाशी धरला आणि जवळच्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. मी ते बटण दाबलेलं बघितलं. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

आबा गायला लागला. आधी त्यानं त्या पडलेल्या माणसांना सांगितलं, की बायांनो, बाप्यांनो, तुम्ही हितंच माथ्यावर बसा, वारा खावा आन् आल्या वाटेनं घरी जा. तुमची येळ झाली न्हाई. पण वाट उघडली हाय, ती कुणीतरी चाललीच पायजे. आणि मग त्यानं नाव घेतलं. धोंडू, गोमाचा ल्योक. आबाचं स्वतःचं नाव.

आबा स्वतःच्या नावाला वाट सांगत होता. उंबऱ्यापासून परत सुरुवात केली त्यानं, आंबा, झरा, वाघदेवाचा दगड. आवाज असा की हॉटेलच्या तळ्यातलं पाणी बाहेर यायला बघत होतं. पडलेल्या माणसांतला घोरणारा जागा झाला आणि उगाच रडायला लागला. घाटमाथा झाला. नदी आली. आबानं सांगितलं, धोंडू, धोतार वर घे, पाय टाक, पानी गार हाय. तो घोट्यापर्यंत गेला, पोटरीपर्यंत गेला, मधल्या धारेपर्यंत गेला, आणि टेपरेकॉर्डर टक् करून थांबला.

कॅसेटची बाजू संपली होती. बाहेर चहाचीही वेळ झाली होती. सबनीसानं घड्याळ बघितलं आणि फार प्रेमानं आपला तळवा त्या काडीवर ठेवला. "वा, आजोबा. पुरे, पुरे. दमलात तुम्ही."

घुमणं थांबलं. माझ्या जन्मात ते मधेच कधी थांबलं नव्हतं. आणि मग ती सगळी मढी उठून बसली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं आबाच्या पायाला हात लावला आणि हात चटकन मागं घेतला. "पाय ओले आहेत यांचे," ती शेजारणीला म्हणाली.

घरी जाताना मी आबाला म्हटलं, "आता घरी बसून राहिल्यालं म्हण की."

"एकडाव थांबल्यावर ज्याचं नाव त्यानंच फुडं कसं म्हनायचं, सगू? हितवर म्हनलं तेच लय झालं."

"मंग?"

"मंग काय. हुबा हाय मी. पानी गार हाय."

उन्हाळा होता, शेताची ढेकळं तापून फुटत होती, आणि आबा शेतातून घरात आला की सारवलेल्या जमिनीवर त्याची ओली पावलं उमटायची. आई फडक्यानं पुसायची. एकदा त्याच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात मला एवढीशी चिंगळी मासळी सापडली. आई म्हणायची चिंगळी नव्हती, भाताचं तूस होतं. वैशाखात भाताचं तूस कुठून येणार, हे तिलाही सांगता आलं नाही. किसनकाकानं हॉटेल सोडलं. त्याची काडीवरची दोन बोटं वाकली ती पुन्हा सरळ झाली नाहीत, आणि थाळीला त्यानं परत हात लावला नाही. वाडीत सगळ्यांना एकच चिंता. आबा तर जाणारच, सगळेच जातात. पण मधल्या धारेपासून पुढं त्याला नेणार कोण? दुसरं कुणी गाणारं नव्हतं.

पाऊस लागला तसा आबा अंथरुणाला खिळला आणि मला जवळ बसवून घ्यायला लागला. लहानपणापासून मी त्याच्या पाठीला टेकून ऐकलेलं. वाट मला पाठच होती. नदीपासून पुढचं तो माझ्याकडून घोकून घेई, थाळीशिवाय, नाव न घेता, नुसते शब्द. वाडीतली म्हातारी माणसं दारात येऊन बसली. त्यांतला एकजण म्हणाला, "धोंडू, बाईच्या हातात थाळ? असं कुटं झालंया?"

"मढ्यांनी टाळ्या वाजवल्या, ते कुटं झालं व्हतं?" आबा म्हणाला. "नदी इचारत न्हाई बाई का बाप्या. ती फकस्त वडती."

भात निसवायच्या वेळी आबा गेला. त्याच्या दिवसाला मी थाळ घेतली. मेण लावलं, काडी रोवली, राख लावली. पहिलं घुमणं शेळीसारखं निघालं, आणि कुणीतरी मागं खुदकन हसलं. बहुतेक माझाच भाऊ. मग ते लागलं. मी नाव घेतलं, धोंडू, गोमाचा ल्योक, आणि मधल्या धारेत उभ्या असलेल्या माझ्या आज्याचा हात धरला. पोटरी, घोटा, वाळू, काठ. जुन्या माणसांची चूल. सरका, म्हटलं, जागा द्या त्याला, लय येळ उभा हाय. आता मागं बघू नको. आम्ही पाठ केली आणि घरी आलो. दुसऱ्या सकाळी आईनं जमीन सारवली. सुकली ती कोरडीच राहिली. आई किती दिवसांनी गवती चहाचं घमेलंभर पाणी उकळून बसली, आणि आम्ही वाडीभर चहा प्यालो.

इथं हे प्रकरण संपवायला मला फार आवडलं असतं. लिहिता लिहिता मी उठून एकदा पाणीही पिऊन आले, की तेवढ्यात संपलं तर बरं.

दिवाळीच्या बाजाराला मी कामशेतला गेले होते, तांदूळ घालायला. बाजारपेठेत रशीदभाईचं दुकान होतं, रेडिओ दुरुस्ती आणि कॅसेटी. लांब दाढी, कानावर पेन्सिल, आणि जीभ माझ्याहून तिखट. आमच्या वाडीतला एकुलता एक रेडिओ त्याच्याच हातून एवढ्या वेळा मरून जिवंत झाला होता की आबा त्याला भगत म्हणायचा. मी दुकानावरून चालले होते आणि आतून माझ्या छातीत ती भिंत आली. घुमणं. आणि त्यावर आबा. धोंडू, गोमाचा ल्योक. उंबरा सोड.

मी आत गेले. काउंटरवर कॅसेटचं कव्हर. त्यावर एक उघडा माणूस, डोक्यात पिसं, तोंडाला पांढरे पट्टे. आमच्या सात पिढ्यांत कोंबडीशिवाय कुणी पिसं घातलेली नाहीत. खाली लिहिलेलं, गाढ शांतीसाठी सह्याद्रीचा नाद.

"काय गं सगुणा," रशीदभाई म्हणाला, "तुझ्या वाडीकडचंच दिसतंय. हॉटेलवाल्यानं ठेवायला दिल्यात. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात धडाधड खपतंय म्हणं."

"बंद करू नगा," मी म्हटलं. "भाई, हात जोडते. ह्याला चालू द्या."

आबा घाटमाथ्यावर आला. नदी आली. घोटा, पोटरी, मधली धार, आणि टक्. कॅसेट थांबली. बाजारात माणसं घासाघीस करत होती, आणि माझा आजा, ज्याला मी माझ्या हातानं पलीकडं बसवला होता, तो नाव घेऊन परत उठवला गेला होता आणि पुन्हा पाण्यात उभा होता. मी काउंटरला धरून राहिलेलं गायला लागले. थाळ नव्हती, बिलांच्या कागदांवर ठेवलेलं पितळी वजन होतं, त्यावर बोट ओढलं. रशीदभाईनं वरचा पंखा बंद केला, टोपी सारखी केली आणि मान खाली घालून उभा राहिला. मी संपवेपर्यंत त्यानं एकाही गिऱ्हाइकाला आत घेतलं नाही.

"मयताचं हाय?" त्यानं नंतर विचारलं.

"व्हय."

त्यानं खोक्यातल्या सगळ्या कॅसेटी पोत्यात भरल्या. "आमच्यात जनाज्याला टेप लावली तर लोक मला त्याच खड्ड्यात घालतील," तो म्हणाला. "माझ्याकडनं न्हाई वाजणार. पण लोणावळ्याचं काय करशील, पोरी?"

लोणावळ्याचं काय करणार. मी घरी गेले तर आई उंबऱ्यात फडकं घेऊन बसलेली. "आबा येऊन गेला," ती म्हणाली, जसं कुणी म्हणावं की पोस्टमन येऊन गेला.

मी आणि किसनकाका सबनीसाकडं गेलो. त्यानं खुर्च्या दिल्या, सरबत दिलं. आम्ही सांगितलेलं त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे बघा, तुमच्या भावना मला समजतात. पण लोकांना आवडतंय. तुमची संस्कृती जगापुढे जातेय."

"फुडं न्हाई जात, सायेब," काका म्हणाला. "नदीतच थांबतीया."

सबनीस विचारात पडला. त्याचा चेहरा एकदम उजळला तेव्हा मला त्याची खरी भीती वाटली. "मग सोपं आहे. उरलेलं सगुणा गाईल. आपण दुसरा भाग काढू."

खोटं का सांगू, मी त्यावर विचार केला. डोंगर चढेपर्यंत केला. एकदा गाऊन टाकलं की प्रत्येक वेळी आबा आपला आपण पलीकडं जाईल, माझी गरज नाही. घरी आले आणि आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "आन् मागं न बघता उठून कोन जानार?" ती म्हणाली. "टेप ऐकनारी समदी पडूनच ऱ्हातील. आबाच्या पंगतीत जाऊन बसतील, येडे." मी नाही म्हणून कळवलं. वाघदेवाला एक कोंबडं बोलले की त्या कॅसेटी सडोत. वाघदेवानं कोंबडं घेतलं.

कॅसेटी सडल्या, पण त्यांतलं गाणं निघून दुसरीकडं गेलं. आधी सीडी, मग आता मोबाइलमध्ये. माझी नात मला दाखवते: कुणी त्यावर पावसाचा आवाज घातलाय, कुणी बासरी. झोप लागावी म्हणून लोक रात्रभर लावतात, आणि ते संपलं की आपोआप पुन्हा सुरू होतं. उंबरा, आंबा, झरा, माथा, नदी, टक्, उंबरा. मला ते कुठंही गाठतं. लोणावळ्यात कपड्यांच्या दुकानात, सुनेच्या ब्यूटी पार्लरात, पुण्याला एका लग्नाच्या हॉलमध्ये वरमाला घालायच्या आधी. जिथं असेन तिथं मी उरलेलं गाते. लग्नातले लोक म्हणाले आजींना मंगलाष्टकं येतात वाटतं. सुनेनं मला पार्लरात न्यायचं बंद केलंय. माझं तोंड वाजतं याबद्दल माझी पंचक्रोशीत ख्याती आहे, त्यामुळे कुणी फार मनावर घेत नाही.

गेल्या आठवड्यात दाढ काढायला गेले. डॉक्टर पोरगी गोड होती. मला खुर्चीत उताणी केली, गळ्याशी पांढरा रुमाल बांधला, सुई दिली, गालाचं लाकूड झालं. मग तोंडात कापूस कोंबला आणि म्हणाली, "आजी, डोळे मिटा. रिलॅक्स. मी छान म्युझिक लावते." छतातून घुमणं आलं. मी उताणी, पांढऱ्यात, हात बाजूला सोडलेले, डोळे मिटलेले. त्या हॉलमधल्या माणसांना कसं वाटलं असेल ते मला इतक्या वर्षांनी कळलं. खरं सांगते, फार बरं वाटतं. हेच त्यातलं भयंकर आहे. मग आबा पाण्यात उतरला. मधली धार. टक्. मी गायला गेले आणि तोंडातून नुसती लाळ आली. मी खुर्चीच्या लोखंडी ट्रेवर बोट ओढलं. "दुखतंय का?" पोरीनं विचारलं, आणि माझा हात धरून खाली ठेवला, अगदी मायेनं. वरती उंबरा पुन्हा सुरू झाला.

घरी आले. आता आम्ही कामशेतला फ्लॅटमध्ये राहतो, फरशी आहे, उंबरा नावापुरता. थाळ माझ्या कपाटात, साड्यांच्या मागं. दार उघडलं तर आतल्या फरशीवर ओली पावलं, दारापासून कपाटापर्यंत. नात म्हणाली, वॉशिंग मशीन गळतंय. तिनं माणूस बोलावला. त्यानं मशीन उघडलं, बंद केलं, आणि म्हणाला, गळत तर नाहीये.

मी फडकं घेतलं आणि खाली बसले. गाल अजून बधिर होता, शब्द वाकडे येत होते. नात दारात उभी राहून बघत होती. मी तिला म्हटलं, बस इथं, माझ्या पाठीला टेकून. नाव घेऊ नकोस. नुसतं ऐक.